अख्खा जिल्हा किनवटला

माझ्या कोडला कुणी नावं ठेवली की मी सरळ आईच्या पातेल्याकडं बोट दाखवते. आई म्हणते, "आता ह्यात पातेल्यानं काय केलं गं?" पण केलंय ते त्यानंच. ऐका.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. आई, बाबा आणि मी बाहेर अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. घर मागं बसलं ते बसलंच. मग पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. मदतीचं सामान घेऊन ट्रक यायचे, त्यातल्या एकातून घरटी भांड्यांचा संच मिळत होता. आमचा नंबर लागेपर्यंत संच सोडून सुटी भांडी वाटायची वेळ आली होती. आईच्या हातात एक जर्मनचं पातेलं पडलं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, आणि वर झाकण. "बाकीचं मागून येतंय," असं वाटणारा म्हणाला. आम्ही अजून वाट बघतोय.

तर त्या एका पातेल्यात आईनं संसार केला. आधी भात. भात ताटात वाढला की पातेलं विसळायचं आणि त्यात वरण. वरण भातावर ओतलं की पुन्हा विसळायचं आणि त्यात चहा. आमच्या चहाला हिंगाचा वास यायचा, आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की चहाचा वासच तसा असतो. पुढं सरकारनं सिमेंटचं घर दिलं. बाबांनी त्यात कडबा भरला आणि स्वतः समोरच्या पत्र्याखाली झोपायला लागले, ते शेती सांभाळत आजही तिथंच झोपतात. मी शिकले, लातूरला कामाला लागले, आईला घेऊन आले. घरात स्टीलची भांडी आणली. आई ती पुसून पालथी घालून ठेवते, आणि स्वयंपाक त्या जर्मनच्या पातेल्यातच करते. ते पातेलं उंबऱ्याबाहेर जात नाही. शेजारी कुणाला भाजी द्यायची झाली तर आई म्हणते, "भांडं आणा," आणि त्यांच्या भांड्यात ओतून देते. एकदा मामी म्हणाली, "असंच द्या की पातेल्यात, उद्या आणून देते." आईनं तिच्याकडं असं काही बघितलं की मामी त्या दिवाळीला आमच्याकडं फिरकलीच नाही.

आता माझा धंदा. मी क्लासेसच्या वेबसाईटी बांधते. लातुरात भूकंपानंतर काही जोमानं उगवलं असेल तर ते क्लासेस. आमच्या गल्लीत पूर्वी म्हशी होत्या, आता अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्स आहेत. शांतता म्हशींच्या काळात जास्त होती.

वेबसाईटचं पान म्हणजे आत नुसतं डब्यात डबा असतं. मोठा डबा, त्यात मधला, त्यात बारका, आणि बारक्यात तुमचं नाव किंवा नंबर. सर्व्हरवर बसलेला माझा कोड हे डबे भरतो, एकात एक घालतो, झाकण लावतो आणि तुमच्या फोनवर पाठवून देतो. शहाणी माणसं दर वेळी नवा डबा घेतात, कारण कॉम्प्युटरमध्ये डबे फुकट असतात. पण मी पडले आईची लेक. मी एकच डबा घ्यायची, भरायची, मोठ्यात ओतायची, विसळायची, पुन्हा भरायची. पुण्याहून आलेली सोबतची पोरं हसायची. मी ऐटीत सांगायची, "मेमरी वाचते." काय वाचत होती कपाळ!

आणि तरी हे वर्षानुवर्षं नीट चाललं. कारण जुन्या फ्रेमवर्कमध्ये डब्यातला माल खरंच ओतला जायचा. फ्रेमवर्क म्हणजे दुसऱ्यांनी उभा केलेला आयता सांगाडा, आपण त्याला धरून आपली घरं बांधायची. सांगाडा ज्यांचा, त्यांना एखाद्या दिवशी लहर येते आणि ते खांबच हलवतात. तशी नवी आवृत्ती आली. सर्व्हरवाल्यांनी कळवलं की जुनं आता चालणार नाही, बदला.

मी ते काम कधी काढावं? ऐन परीक्षेच्या आठवड्यात. ज्या सरांच्या क्लासचं काम मी बघायची, त्यांनी त्या वर्षी मोफत बॅचची परीक्षा ठेवली होती. सरांचा मोठा क्लास लातूरला, दुसरा नांदेडला, आणि परीक्षेची केंद्रं गावोगाव: निलंगा, मुरुड, आणि यादीत सगळ्यात शेवटी, त्याच वर्षी नवं सुरू केलेलं, किनवट. तिथं जंगलभागातल्या मुलींच्या वसतिगृहात केंद्र होतं. परीक्षेत जे पोरगं वर येईल त्याला दोन वर्षं शिकवणं, राहणं, खाणं सगळं फुकट.

आमच्या शेजारच्या चाचांच्या पोरीला त्या बॅचमध्ये जायचं होतं. चाचा शिंपी. त्यांच्या आजोबांपासून गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान. आजोबा शेरवान्या शिवायचे, चाचा क्लासचे गणवेश शिवतात. वर्षभर मशीनवर दुसऱ्यांच्या पोरांच्या मापाचे आकाशी शर्ट. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचं म्हणायची. क्लासची फी झेपणारी नाही हे चाचांनी तिला तोंडावर सांगितलेलं होतं. मोफत बॅच मिळाली तर शिकायचं, नाही तर शिवणाला बसायचं आणि स्थळं बघायची, असं घरात ठरलं होतं. पोरीनंही मान हलवली होती. ती मान हलवणं मी पाहिलं होतं, आणि मला चाचांचा, सरांचा, सगळ्यांचाच राग आला होता.

तर मी नवी आवृत्ती चढवली आणि पडदा लालेलाल झाला. चूक, चूक, चूक. आतला मजकूर असा थेट ठेवता येणार नाही, जोडावा लागेल, असं नवं फ्रेमवर्क म्हणायला लागलं. अरे बाबा, इतकी वर्षं ठेवून घेतलास ना मुकाट्यानं? आताच काय अंगात आलं? मी शिव्या देत देत 'ठेवा' होतं तिथं 'जोडा' केलं. लाल गेलं. पान उघडलं तर त्यात केंद्रांच्या नावांऐवजी नुसते कंस आणि कोडची लक्तरं. डब्यात माल नाहीच, डबा कसा करायचा त्याची कृतीच छापून आलेली. म्हणजे सांगावं लागतं की हा साधा मजकूर नाही, डबा आहे, डब्यासकट आत घे. मग मी तसं सांगितलं. आता पान कसं झकास दिसायला लागलं! एक केंद्र घालून तपासलं. वर केंद्राचं नाव, खाली मुलांचे नंबर. एकदम बरोबर. मी स्वतःची पाठ थोपटली, पान चढवलं आणि आईला म्हणाले, "आज कांदाभजी कर, तुझ्या लेकीनं मैदान मारलंय."

परीक्षा दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी होती. त्या शनिवारी दुपारची जेवणं उरकली आणि चाचा पोरीला घेऊन दारात आले. पोरीच्या हातात मैत्रिणीचा फोन होता.

"बेटा, किनवट आलंय."

मी फोन बघितला. वर किनवटच्या वसतिगृहाचा पत्ता, खाली पोरीचा नंबर. आता लातूरच्या पोरीला, जिच्या घरापासून सरांचा क्लास चालत जाण्याच्या अंतरावर, तिला किनवट कशाला येईल? कुणालाही शंका यावी. पण आमच्याकडं कुणालाच येत नाही. इथल्या पोरांना परीक्षेचं केंद्र लांबचं येण्याची इतकी सवय आहे की जवळचं आलं तर आईबापांना संशय येतो. चाचांनी तरी विचारलं.

"लातूर सोडून एवढ्या लांब? काही गडबड तर नाही ना?"

आणि मी, ही मी, काय म्हणाले? म्हणाले, "चाचा, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. लातूरची जागा भरली असेल. आता वेळ घालवू नका." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी त्यांना एसटीची वेळ काढून दिली. नांदेडला त्यांची बहीण असते, रात्री तिथं मुक्काम करा, सकाळच्या रेल्वेनं किनवट गाठा, असा सगळा कार्यक्रम आखून दिला. आईनं भजी बाजूला ठेवून वाटेसाठी दशम्या केल्या. पोरगी म्हणाली, "दीदी, तुम्ही आहात म्हणून बरं." मी तिचा गाल ओढला.

तोच अंगठा मी फोनवर जरा खाली सरकवला असता तर! बस, एवढंच करायचं होतं.

ते गेले आणि थोड्या वेळानं सरांचा फोन आला. सर एरवी शांत बोलतात. "मॅडम, किनवटला राहायची सोय आहे का असं विचारायला मला निलंग्याहून फोन का येतायत?"

"निलंग्याहून?"

"निलंग्याहून. मुरुडहून. नांदेडहून. एक बाई विचारत होत्या, किनवटला थंडी असते का, स्वेटर देऊ का. निलंग्याच्या पालकांनी मिळून क्रूझर जीप ठरवली आणि ती निघालीसुद्धा. मॅडम, अख्खा जिल्हा किनवटला निघालाय!"

एकानंही तक्रार केली नव्हती हो. सगळ्यांनी पिशव्या भरल्या होत्या.

मी पान उघडलं आणि या वेळी वरपासून खालपर्यंत बघितलं. लातूरच्या मुलांच्या डोक्यावर किनवट. निलंग्याच्या डोक्यावर किनवट. मुरुड किनवट, नांदेड किनवट. किनवटच्या डोक्यावरही किनवट, तेवढं एक बरोबर. कोड वाचते तर कुठं काही चुकलेलं दिसेना. केंद्राच्या नावाचा डबा घेतला, लातूर भरलं, मोठ्या डब्यात घातलं, विसळलं, निलंगा भरलं, घातलं. वर्षानुवर्षं हेच तर करत होते!

स्वयंपाकघरात आई पातेलं विसळत होती. भजीचं पीठ काढून तिला चहा टाकायचा होता. मी त्या पातेल्याकडं बघत बसले आणि मग डोक्यात उजेड पडला. जुन्या फ्रेमवर्कमध्ये मी घातलं म्हणजे माल ताटात वाढला जायचा, पातेलं माझ्याकडं मोकळं राहायचं. नव्यात पातेलंच ताटात ठेवलं जातं. सगळ्या ताटांत तेच एक पातेलं. मी त्यात शेवटी जे शिजवलं, तेच सगळ्यांना. आणि शेवटी शिजवलं होतं किनवट.

दुरुस्ती केवढी? एका ओळीची. डबा घेण्याची ओळ वर एकदाच होती, ती खाली आणली, म्हणजे दर केंद्राला नवा डबा. मी ती ओळ हलवली, पान नीट झालं, सरांनी सगळ्यांना मेसेज टाकला. निलंग्याची क्रूझर अहमदपूरला पोहोचली होती. ती मंडळी तिथं चहा पिऊन माघारी वळली.

राहिले चाचा. मी चप्पल घालायची विसरून स्टँडवर पळाले. नांदेडची गाडी केव्हाच सुटली होती. चाचांचा फोन लावला तर बंद. प्रवासात ते फोन बंद करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात, बॅटरी वाचते म्हणून. वाचवणारीच माणसं आम्ही सगळी! चाचींकडं गेले, नांदेडच्या नणंदेचा नंबर मागितला. तो चाचांच्याच फोनमध्ये. चाची म्हणाल्या, "क्या हुआ बेटा, इतकी घाबरी का झालीस?" मी त्यांना सांगितलं. त्या नुसत्या पोरीच्या पुस्तकांकडं बघत राहिल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन सरांना फोन केला. मी म्हणाले, एका मुलीला किनवटलाच बसू द्या.

"मॅडम, तिचा नंबर लातूरच्या हॉलचा आहे. तिकडं ती गैरहजर लागणार. एकीला सूट दिली की उद्या दहाजण दारात उभे राहतात."

"सर, किनवट तिनं मागितलं नव्हतं. मी पाठवलंय."

"म्हणजे चूक तुमची."

"माझीच! मग शिक्षा मला करा ना. पोरीला कशाला?"

माझं डोकं फिरलेलंच होतं. मी पुढं म्हणाले, "आणि तिचा पेपर घेणार नसाल तर निकालाचं पान तुमचं तुम्ही बांधा. डबे कुठं ठेवलेत ते सांगते."

सरांनी एक नंबर लिहून घ्यायला सांगितला. मग म्हणाले, "तिथल्या बाईंना फोन करा. बाक असेल तर बसू दे."

किनवटच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंना आधी काही उमजेना. "काय बोलून राहिल्या मॅडम? लातूरची पोरगी इकडं परीक्षेला? तिकडं क्लास नाही का?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पातेल्यासकट. बाई हसल्या. म्हणाल्या, "येऊ द्या. जास्तीचं बाक टाकते. आधी जेवू घालते, मग पेपर."

रविवारी मी काही खाल्लं नाही, आणि आईनंही विचारलं नाही. ती माझ्याशी बोलतच नव्हती. गाडी चुकली तर? नांदेडहून कुणी त्यांना परत पाठवलं तर? ते अर्ध्या वाटेत, लातूरलाही नाहीत आणि किनवटलाही नाहीत, असं काही झालं तर? मला सारखी त्या पोरीची मान हलवलेली दिसत होती. मी देवापुढं उभी राहिले, आणि तिथंही काय मागावं ते धड सुचलं नाही.

पेपर सुटल्यावर चाचांचा फोन आला.

"बेटा, बसली पोरगी. पेपर चांगला गेला म्हणते. इथल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला इकडं धाडलं कुणी? मी बोललो, आमच्या बेटीनं धाडलं, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. त्या लई हसल्या. मला काय कळलं नाही. तू सांगशील?"

मी सांगितलं सगळं. चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "जाऊ दे. तुझ्यामुळं जंगल तरी बघितलं." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.

निकालाचं पान मी असं बांधलं की एकेका मुलाला नवा डबा, एकेका अक्षरालाही दिला असता. पुन्हा पुन्हा तपासलं. मागं आईनं चुलीवर रवा भाजायला घेतला होता.

"शिरा कशाला गं? निकाल तर लागू दे."

"लागला तर वाटायला. न्हाई लागला तर त्या लेकराला खायला."

पान चढवलं, आणि थोड्या वेळात चाचा दारात आले. गळ्यात टेप तशीच. आत आले नाहीत.

"पोरगी म्हणते पडद्यावर तिचा नंबर आहे. मी बघितलं नाही. तू तुझ्या तोंडानं सांग."

"चाचा, पानावर आहे म्हणजे..." आणि माझी जीभ अडली. तेच वाक्य पुन्हा बोलायला निघाले होते मी! मी सरांना फोन लावला, चाचांसमोरच, आवाज मोठा करून. म्हणाले, सर, ह्या नंबरचं नाव तुमच्या हातातल्या निवडीच्या यादीवरून वाचा. सरांनी नाव वाचलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

"झाली?" चाचा म्हणाले.

"झाली, चाचा. आता तिचं माप घ्या."

चाचा उंबऱ्यावर खालीच बसले. गळ्यातली टेप काढली, ती गुंडाळायला लागले आणि गुंडाळेचना. गुंडाळायची, सुटायची. एवढ्या पोरांचे शर्ट शिवले त्यांनी, आणि टेप हातात राहीना.

आई बाहेर आली. शिऱ्याचं पातेलं फडक्यात धरून. चाचा गडबडीनं उठले. इतक्या वर्षांचा शेजार, त्यांना आमच्या घरची रीत माहीत. "थांबा भाभी, भांडं आणतो."

"कशाला? असंच न्या."

चाचा थांबले. मीही थांबले. "पातेल्यात, भाभी?"

"न्या म्हणते ना, मास्तर. गरम हाय, खालून धरा." आणि तिनं ते झाकणासकट त्यांच्या हातात दिलं.

चाचा दोन्ही हातांनी पातेलं धरून गल्लीतून गेले. आई दारात उभी राहून ते त्यांच्या घरात जाईपर्यंत बघत होती. संध्याकाळी तिनं पालथ्या घातलेल्या भांड्यांतलं एक स्टीलचं पातेलं काढलं, त्यावरचा कागद नखानं खरवडला आणि भात टाकला. स्टीलला तिचा हात नव्हता. भात खाली लागला. आम्ही दोघींनी तो तसाच खाल्ला.